तांडेलाच्या नावावरचे नवस

तांडेल बुडता बुडता वाचला, तेव्हा त्याच्या बायकोने शहरातला एकही देव सोडला नव्हता. तो टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावताना जाड दोर तुटला, त्याचा फटका बसून तांडेल पाण्यात गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं खरं, पण छातीत खारं पाणी भरलेलं, आणि डॉक्टर बोलायला तयार नव्हते. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून आणि ही, दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. मग हिने तिला आपल्या देवळात नेलं, तिने हिला आपल्या मशिदीत नेलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हिला होती, फक्त देव कुणाचा, हे विचारायची सवड नव्हती.

आता तांडेल ठणठणीत झाला होता आणि रविवारी सकाळी बायकोने फर्मान काढलं, "अहो, चप्पल घाला. नवस फेडायचेत."

एरवी त्याने फाटे फोडले असते. पण आज तो मुकाट्याने निघाला, कारण त्याला एक नवस हवा होता.

झालं होतं असं, की सोमवारी बंदराच्या ऑफिसात जाऊन त्याला सांगायचं होतं: पुन्हा टगवर चढणार, की किनाऱ्यावर दोरांच्या गोदामात बसणार. जो भेटेल त्याला तांडेल छाती ठोकून सांगत होता, "चढणार म्हणजे काय? जन्म गेला पाण्यावर!" आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. गेल्या आठवड्यात कुणी नसताना तो धक्क्यावर गेला होता. टगवर चढायच्या फळीवर एक पाय ठेवला, दुसरा काही केल्या उचलेना. घरी येऊन म्हणाला, भरती चुकीची होती.

हे कुणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मात्र बायकोने एखाद्या देवापाशी 'यांना पुन्हा पाण्यावर पाठवणार नाही' असं कबूल केलेलं असलं, तर काम फत्ते. साहेबापुढे हात जोडायचे, सुस्कारा सोडायचा, "काय करू साहेब, मी चढलो असतो हो, पण बायकोचा नवस पडला." मूठही झाकलेली आणि पायही कोरडे. आणि तिने तो बोललाच असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. लग्न झाल्यापासून तो कामावर निघाला की ही दारात उभी राहून म्हणायची, "आज नका जाऊ." आणि तो रोज जायचा. दोघांचंही कधी चुकलं नाही.

पहिलं देऊळ दीपस्तंभाजवळ. बायकोने फुलं वाहिली, डोळे मिटले, बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "खिशातली पुडी काढा."

"कसली पुडी?"

"तंबाखूची. आजपासून बंद. मी देवाला सांगितलंय."

"माझी तंबाखू तू कशी सोडलीस?"

"मी खात नाही ना, मग माझी कशी सोडणार?"

पुडी कचऱ्याच्या डब्यात गेली. तांडेलाने मनाची समजूत घातली, की ही सुरुवात आहे, देव हळूहळू वर चढत असतील.

बाजारामागच्या मशिदीत ती बायकांच्या बाजूला गेली, हा बाहेर नळावर पाय धुऊन ओट्यावर टेकला. मशिदीत नवस बोलतात की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बोलून टाकला होता. परत आली ती हसू दाबतच.

"माझ्या भावाशी बोलायचं. दर रविवारी त्याला जेवायला बोलवायचं."

तांडेल ताडकन उभा राहिला. या मेहुण्याने त्याला एक जुना फ्रीज गळ्यात मारला होता. तो फ्रीज थंड सोडून बाकी सगळं करायचा. तेव्हापासून बोलचाल बंद.

"अगं, माझा जीव जात होता आणि तू भावाची सोय लावत होतीस?"

"जीव आला ना परत? मग फ्रीजचं काय घेऊन बसलात!"

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! सगळे देव तुझे, सगळं सामान माझं. तू स्वतःचं काय सोडलंस, ते सांग."

या प्रश्नावर तिचं हसू पटकन मावळलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती पुढे चालू लागली. चोराच्या मनात चांदणं. तांडेलाला वाटलं, आता मोठा नवस जवळ आला.

टेकडीवरच्या देवळात मात्र त्याचा पहाटेचा मोठ्या आवाजातला रेडिओ गेला. हा नवस नक्की त्याच्या जिवासाठी होता की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसाठी, असं त्याने विचारलं. पायऱ्या उतरताना तिचे गुडघे अचानक दुखायला लागले. मग तहान लागली. मग ऊन फार झालं.

"राहिलेलं एक पुढच्या रविवारी करू," ती म्हणाली.

"छे! नवस उधार ठेवू नये," तांडेल म्हणाला. आयुष्यात एवढी भक्ती त्याने कधी दाखवली नव्हती.

शेवटची मशीद बंदराला लागूनच होती. अंगणाच्या कट्ट्यावरून धक्का दिसायचा, आणि धक्क्याला बांधलेली त्याची टगही. झाडू मारणारे म्हातारे चाचा तिला पाहून थांबले. "आलात ताई? हेच का ते पडलेले?" त्यांनी तांडेलाला नखशिखांत न्याहाळलं. "बरे दिसतात. तुम्ही रडायचात त्यावरून मला वाटलं होतं, जरा उंच असतील."

चाचा झाडू घेऊन पलीकडे गेले. बायको आत गेलीच नाही. बाहेरच्या पायरीवर बसली. तांडेल शेजारी बसला, घसा साफ केला आणि शक्य तितकं दुःखी तोंड केलं.

"बोल. माझी तयारी आहे. पाणी सोडायचं ना?"

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली होती. तुमचं जेवढं आठवलं तेवढं सगळं देऊन झालं होतं. माझं म्हणावं असं एकच उरलं होतं, तुम्हाला अडवणं. ते देऊन टाकलं. म्हटलं, यांना उठव, पुन्हा कधी दारात उभी राहून नका जाऊ म्हणणार नाही."

तांडेलाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हे काय केलंस? मला विचारायचं तरी!"

"तुमच्या तंबाखूचं विचारलं नाही, माझ्या बोलण्याचं कशाला विचारू?"

"पण... तुला वाटतंच असेल ना, की मी जाऊ नये?"

तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"नुसती मान हलव."

ती समोर पाण्याकडे बघत राहिली. तिची हनुवटी थरथरत होती, पण मान हलली नाही.

"अगं, एकदाच म्हण. नका जाऊ. हळू म्हण, देव तिकडे आत आहे!"

इतकी वर्षं ज्या दोन शब्दांवर तो रोज वैतागला, त्यांच्यासाठी आज तो हात जोडून बसला होता. आणि ही बाई, जिचं तोंड बंद करणं कुणाला जमलं नव्हतं, ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

शेवटी तांडेलाने खाली बघितलं. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "फळीवर पाय टाकवत नाही मला."

तिने मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवस कोंडलेला असावा, असा.

"मला माहीत होतं."

"कसं?"

"घरी आल्यापासून आंघोळीची बादली अर्धीच भरता तुम्ही. तोंडावर पाणी मारताना दार उघडं ठेवता. मी आंधळी आहे का?"

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? शब्द देऊन बसले होते. रात्रभर तळमळायचे. म्हणून आज तुम्हाला फिरवलं. म्हटलं, मला बोलता येत नाही, निदान तुम्ही तरी बोलाल. चार देव झाले, तेव्हा कुठे तोंड उघडलं. उद्या साहेबांनाही हेच सांगा. माझं नाव घालायचं नाही मध्ये."

तांडेलाने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच आलं. भर दुपारी, मशिदीच्या पायरीवर, चाचांच्या देखत तो बायकोचा हात धरून हमसून हमसून रडला, आणि कबूल केल्याप्रमाणे तिने त्याला अडवलं नाही.