फ्लोरल हॉल आणि खांबामागची गोधडी

आमच्या जत्रेच्या मैदानावरचा फ्लोरल हॉल बुलडोझर लावून पाडला, तेव्हा मी खूश! म्हटलं, आमच्या फोर-एच या मुलांच्या मंडळाच्या प्रदर्शनाला याहून सोपा विषय नाही. इमारतीचा इतिहास लिहायचा, फोटो चिकटवायचे, सर्वोत्तमाची जांभळी फीत घ्यायची आणि थेट राज्याच्या जत्रेला जायचं. आमच्या वर्गातलं अजून कुणी तिथवर गेलेलं नाही. मला जायचंच होतं!

प्रश्न मोजके होते. हॉल कधी बांधला? कुणी? आणि आत सगळी लोणची, केक नि गोधड्या, तर मग नाव 'फ्लोरल' का?

सुरुवात बाबांच्या अर्डिथ आत्यापासून केली.

"आत्या, हॉल कधी बांधला गं?"

"माझ्या लोणच्याला लाल फीत दिली ना, त्याच्या कितीतरी आधी. बरणीत मिठाचं पाणी कमी, म्हणे! पाणी कमी!"

"पण बांधला कधी?"

"अगं ब्रिन, तेच सांगतेय ना!"

ती अजिबात तेच सांगत नव्हती. मग जत्रेच्या समितीतले लोवेलकाका.

"काका, आत खांब किती होते?"

"एकच. माझ्या बायकोची, मर्लिसची, गोधडी ज्याच्या मागे टांगली तो. परीक्षकाला दिसणार कशी, सांग तू!"

अरे देवा! काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत गेले, तर तिथल्या बाईंच्या आईचा केक खालून जळलेला नव्हताच, हे अर्धा तास ऐकावं लागलं. रेकॉर्ड राहिलं बाजूला. शेवटी मी वैतागून जे मिळालं तेच लिहिलं. कुणावर कसा अन्याय झाला, पानंच्या पानं!

आमच्याकडे प्रत्येकजण प्रत्येकाचा चुलतभाऊ, म्हणून परीक्षक शेजारच्या काउंटीतून आणतात. नव्या पत्र्याच्या शेडमध्ये मी त्या परीक्षक बाईंसमोर बसले. दोरीपलीकडे अर्धं गाव कान टवकारून उभं. बाईंनी पहिलं पान वाचलं.

"इमारत बांधली कधी?"

"ते कुणालाच आठवत नाही."

"मग हा इतिहास कसा?"

"लोकांना आठवतं ते हेच आहे, मॅडम!"

बाई गोड हसल्या आणि लाल फीत लावून मोकळ्या झाल्या. लाल म्हणजे 'बरं आहे'. बरं आहे! राज्याची जत्रा गेली.

मी दोरीखालून बाहेर आले. आत्यानं खांदा धरला. "काय म्हणाली?"

फीतच तर आहे, जाऊ दे, असं म्हणायचं मी खरंच ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "आत्या, तिनं दुसरं पान उलटलंसुद्धा नाही!"

"काय सांगतेस!" लोवेलकाकांनी घडीची खुर्ची माझ्यासाठी उघडली. "बस इथं. पहिल्यापासून सांग."