शरयू वर आली तेव्हा

दिगंबरचं घर मनोहरच्या घराखाली गेलं तेव्हा दमयंती चहा गाळत होती. मनोहर तिचा नवरा, दिगंबर तिचा धाकटा दीर. दोघांची घरं समोरासमोर, मधे एक बोळ आणि त्या बोळावरून जन्माचं भांडण. भाऊ हटेनात, म्हणून घरंच एकमेकांकडे सरकायला लागली. बोळ संपला, भिंतीला भिंत भिडली, तरी कुणी नमतं घेईना. शेवटी धाकट्याच्या घरानं मान खाली घातली आणि ते थोरल्याच्या जोत्याखाली शिरलं.

दिगंबर त्या वेळी पारावर तावातावानं आपली बाजू मांडत होता. घरात होती त्याची बायको शरयू, दमयंतीची पाठची बहीण. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. गाव बघायला आलं, घरोघरी मातीच्या चुली म्हणालं आणि जेवायच्या वेळी पांगलं.

दमयंतीला रडू आलं नाही. पाय मुडपून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तशा तिच्या सगळ्या जिवाला आल्या होत्या. गाळलेला चहा तिनं पिऊन टाकला.

खालचं घर जसजसं खोल गेलं, तसतसं वरचं उंच होत गेलं. मनोहर दाराशी पायऱ्या वाढवत राहिला. गावात आपल्याइतकं उंच घर कुणाचं नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पाणी मात्र दमयंतीलाच चढवावं लागे.

ती फरशीला कान लावून ऐकायची. आधी बांगड्या वाजायच्या. पुढे बांगड्या थांबल्या आणि खिचडी रटरटावी तसा आवाज येऊ लागला. फरशी इतकी तापली की तिच्यावर ठेवलेलं दूध आपोआप उतू जाई. मग फरश्यांच्या फटींतून पांढरं काहीतरी झिरपलं. फटीफटींतलं पांढरं ओट्याजवळ एकत्र आलं आणि तिथली जमीन फुगली. मनोहर म्हणाला, त्यावर पाट ठेव. दमयंतीनं पाट ठेवला नाही. शरयू येतेय, हे तिला कळलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की बहीण पुरती बाहेर यावी.

एका सकाळी फुगवटा उकलला. आधी कपाळ आलं, मग खांदे, मग हात. सगळं दुधासारखं पांढरं. डोक्यावर केस नव्हते आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या गुळगुळीत खळग्या होत्या.

"ताई, आहेस काय?"

"आहो."

"केस अन् डोये खालीच राह्यले. ज्याले वजन होतं, ते काही वर आलं नाही."

"आली तेवढी पुरे," दमयंती म्हणाली.

तिनं डाव्या हातानं शरयूचं मनगट धरलं. ते गरम उकडीसारखं मऊ होतं आणि तिची बोटं त्यात रुतली. भाजत असणार, पण तिला ते जाणवलं नाही. ती हळूहळू ओढत राहिली. शरयू कमरेपर्यंत बाहेर आली. आता थोडंच उरलं होतं.

लांबून आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी दिल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, हे आईनं दोघींच्याही अंगी मुरवलं होतं. पाय अजून जमिनीत होते, म्हणून दमयंतीनं उजव्या हातानं लोटा उचलून शरयूच्या हातांवर पाणी घातलं. शरयूनंही सवयीनं ओंजळ पुढे केली होती.

चर्र झालं. वाफ विरली तेव्हा शरयू दगडाची झाली होती. तोंड अर्धवट उघडं होतं. दमयंतीचा डावा हात त्या मनगटात पंज्यापर्यंत अडकला होता आणि काही केल्या निघत नव्हता.

"आली काय ते?" मनोहरनं खालून, पायऱ्यांवरून विचारलं.

"आली."

"मंग जेवाले वाढ."

जमीन फुगायची थांबली नव्हती. ती दोघींना घेऊन वर चालली होती. दमयंतीनं शरयूच्या गालाला गाल लावला. तो अजून कोमट होता आणि मग तोही गार झाला. छपराचं आढं जवळ आलं. पहिलं कौल सरकलं, दुसरं फुटलं, शरयूच्या डोक्यावर ऊन पडलं. त्या भोकात एकीचंच डोकं मावत होतं.

दमयंतीनं मान खाली घातली.