दोन पडद्यांच्या डबीतला ढोल

जगनच्या दारात वर्षश्राद्धाचं कीर्तन ठरलं होतं. कोन गावच्या भजनी मंडळात पखवाज म्हटला की जगनच, हे आजूबाजूच्या गावांनाही ठाऊक. पण हे कीर्तन त्याच्या स्वतःच्या लेकीचं होतं, निशाचं. कॉलेजात जाणारी पोर तापाने फणफणली आणि हां हां म्हणता हाताबाहेर गेली. तिला पोचवून आल्या दिवशी जगनने पखवाज गवसणीत घातला, खुंटीला टांगला आणि पुन्हा त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. बळीराम महाराजांना त्याने निरोप धाडला, कीर्तन तुम्हीच करा, पण वाजवायला माझा शिष्य हरेश बसेल. माझे हात आता उठत नाहीत. महाराज हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. येतो, एवढाच उलटा निरोप आला.

वर्ष भरत आलं की गेलेल्या माणसाच्या वस्तू कुणाकुणाला देऊन टाकायच्या, अशी रीत. जगनच्या बायकोने, संजनाने मन घट्ट करून लेकीचं कपाट उघडलं. ओढण्यांच्या घडीखाली एक डबी निघाली. मिटली तर पावडरच्या डबीएवढी, उघडली तर आत दोन पडदे. शाळेतून आल्यावर निशा टीव्हीवर एक जपानी कार्टून हिंदीतून बघायची, त्याचाच हा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. तिने तो कुणा मैत्रिणीकडून वापरलेलाच घेतला होता आणि जेवताना सुद्धा खाली ठेवत नव्हती. आता तो जगनच्या भावाच्या मुलीला, दिपिकाला द्यायचा असं ठरलं.

"चालते का बघून आना," संजना म्हणाली. "बंद पडलेली वस्तू निशाच्या नावानं द्यायची नाय."

निव्वळ तेवढ्यासाठी जगन ती डबी घेऊन पनवेलच्या बाजारात गेला. मोबाईलवाल्याने असली पिन आता येत नाही म्हणून मान हलवली, मग अडगळीच्या खोक्यात हात घालून एक चार्जर शोधून दिला.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात जगन वजनकाट्यावर कामाला होता. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, पावती फाडायची आणि पुढचा येईपर्यंत खिडकीतून सळयांचे भारे बघत बसायचं. त्या केबिनमध्ये त्याने डबी उघडली. वरच्या पडद्यावर एक डोंगर उगवला, सगळा धुक्याने भरलेला. पायथ्याशी पाठीला ढोल बांधलेलं एक चिमुकलं पोर. खालच्या पडद्यावर ढोलाचं पान, बोटाने वाजवायचं कातडं. चित्र जाडंभरडं, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. इंग्रजी त्याला पाट्या वाचण्यापुरतंच येत होतं, पण इथे वाचायचं असं फारसं काही नव्हतं. ठेक्यात बोट मारलं की धुकं एक पाऊल मागे सरायचं आणि पोर एक पाऊल वर चढायचं. ठेका चुकला की धुकं परत खाली उतरायचं.

जगनचं बोट ठेक्यात चुकेल कसं? पहिली चढण तो सहज चढून गेला. पुढच्या वळणावर मात्र झाडाखाली एक पांढऱ्या दाढीचा बुवा बसला होता. पोर जवळ आलं की तो गाऊ लागायचा. बुवा गाऊ लागला आणि जगनच्या बोटाने आपसूक मधल्या जागांत बोलांचा भराव घातला. गाणाऱ्याची ओळ मोकळी सोडायची नाही, हे तर आयुष्यभर हाडीमासी मुरलेलं. धडाधड धुकं खाली आलं. पोर पायथ्याला.

त्याने परत वाजवलं. भराव आणखी नाजूक केला, दोन बोटांनी घातला. धुकं तरीही खाली. काट्यावर ट्रक येऊन उभा राहिला, ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा कुठे जगन भानावर आला. पावती देताना सुद्धा तो मनाशी त्या बुवाशी भांडत होता, की बाबा तू गातोस आणि मी हात बांधून बसू, ही कुठली पद्धत?

दुसऱ्या दिवशी त्याने ते करून पाहिलं. बुवा गात असताना बोट वर धरून ठेवलं. केवढा जीव गेला त्या थांबण्यात. ओळ संपली, त्याच क्षणी त्याने ठेका उचलला. धुकं असं फाटलं, की मागचं निळं आभाळ एका दमात दिसलं, आणि ते चिमुकलं पोर टुणटुण उड्या मारत वर निघालं. जगन हसला. चांगला आवाज फुटून हसला.

आपलाच आवाज कानावर पडला आणि तो वरमला. पोर जाऊन वर्ष उलटलं नाही, आणि बाप तिच्याच खेळण्यावर हसतो. त्याने डबी मिटली, जेवणाच्या पिशवीत तळाशी कोंबली आणि चालते एवढं कळलं, पुरे झालं, असं स्वतःला बजावलं. पण पुढच्या दिवशी पुन्हा ती काढली. मग रोजच काढू लागला, आणि रोज घरी जाताना चोरी केल्यासारखा मान खाली घालून जाऊ लागला.

पिशवी धुवायला घेतली तेव्हा संजनाच्या हाताला डबी लागली. दिपिकाला द्यायची वस्तू इथे कशी, तिने विचारलं. जगनने खोटं बोलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग ओट्यापाशी उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं, हसल्याचंही. आता ही काय बोलते, म्हणून तो वाट बघत राहिला. संजनाने ओले हात पदराला पुसले.

"तिनं एकदा मला सांगितलेलं," ती म्हणाली. "आई, बाबा लय गोड वाजवतान, पन कुटं थांबतच नाय."

जगनला वाटायचं, पोर डबीत डोकं खुपसून बसते, तिचं माझ्या पखवाजाकडे लक्षच नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

कीर्तनाच्या सकाळी महाराज लवकरच आले. अंगणात मांडव पडला होता, हरेश टाळ मोजून ठेवत होता. चहा घेताना संजनानेच महाराजांच्या कानावर डबीची गोष्ट घातली. हे मनातल्या मनात कुढतायत, महाराज, तुम्हीच काय ते सांगा, म्हणाली. महाराजांनी ती डबी मागून घेतली. मोठ्या उत्साहाने त्यांनी बोट आपटलं आणि पहिल्याच चढणीला त्यांचं पोर गडगडत खाली आलं.

"कीर्तनकाराला ताल नाही, हे कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

जगनच्या तोंडावर हसू आलं नाही. त्याने खालमानेने विचारलं, "महाराज, दुखवट्याच्या वर्सात जीव रमला. पाप हाय का हे?"

महाराजांनी डबी मिटली. "झाडाखालचा तो बुवा गातो तेव्हा तू काय करतोस?"

"थांबतो."

"कुठवर?"

"त्याची ओळ सरंपरेंत."

"आणि मग?"

एरवी एका ओळीवर तास घालवणारे महाराज, पण उत्तर न ऐकताच डबी जगनच्या हातात ठेवून ते हातपाय धुवायला मोरीकडे निघून गेले.

जगन उठून घरात गेला. मग खुर्ची ओढून त्याने खुंटीवरचा पखवाज उतरवला. गवसणीवर धूळ साचली होती. पखवाजाच्या कातडी वाद्या सैल पडल्या होत्या. त्याने वाद्यांखालचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकले, उजवं, शाईचं पान कानाशी लावून सुराला आणलं. डाव्या पानाला मात्र ओली कणीक लावल्याशिवाय पखवाज बोलत नाही, आणि कणीक मागायला स्वयंपाकघरात जायचा धीर त्याला होईना. दरवेळी ती निशाच मळून आणायची.

मागे बांगड्या वाजल्या. संजनाने पितळेची वाटी त्याच्या शेजारी ठेवली. वाटीत कणकेचा गोळा होता, नुकताच मळलेला. ती पदराने डोळे टिपत मांडवाकडे गेली.

हरेशने गुरूला पखवाज घेऊन येताना पाहिलं आणि आपलं वाद्य उचलून तो मुकाट्याने टाळकऱ्यांत जाऊन उभा राहिला. कीर्तन उभं राहिलं. दिपिका पुढच्या सतरंजीवर बसली होती, निशाची डबी मांडीवर धरून. ती देताना जगनने तिला एवढंच सांगितलं होतं, की झाडाखालचा बुवा गायला लागला की बोट वर धर, घाई करू नको.

महाराजांनी लेकीच्या मायेचा अभंग घेतला. एका ओळीपाशी त्यांचा आवाज चढला, थरथरला आणि एकटाच वर गेला. टाळ थांबले. जगनचा हात सवयीने भराव घालायला निघाला होता. त्याने तो पानाच्या वर, हवेतच धरला. मांडवात निशाच्या फोटोवरचा हार तेवढा वाऱ्याने हलत होता.

ओळ संपली. महाराजांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

जगनने हात खाली आणला आणि थाप दिली.