तारेआडचा देव

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो, आणि जुन्यांना एकदा बोलू दिले की ते थांबत नाहीत. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गोंड गावात झाडूभाऊंनी मला बिज्याच्या खोडातून कोरले आणि बकऱ्याचे कातडे चढवले. मी वाजायचो ते फक्त पेनापुढे, म्हणजे आमच्या देवापुढे. लग्नाबिग्नात मला हात लावायचा नाही, अशी रीतच होती. माझा तोरा काय विचारता!

चैतात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण असे. मी वाजलो, पेनाला नवा आंबा वाहिला, की मगच गाव आंबा तोंडात घाली. पण एका साली जंगलखात्याच्या नव्या साहेबाने रोपवनाला तारेचे कुंपण घातले आणि पेनाची जागा आत गेली. फाटकाला कुलूप लागले. मी भिंतीवर टांगलेलाच राहिलो. पोरेसोरे आंबे खाऊ लागली, झाडूभाऊ मात्र खाईनात. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई चिडायची, "काऊन हट्ट करता जी? देव का रागावते?" आणि स्वतःही खायची नाही.

शहाण्णव साली दिल्लीत कायदा झाला, की आदिवासी गावाला आपल्या रूढी जपण्याचा हक्क आहे. पण तो लागू करायला राज्याचा कायदा अजून व्हायचा होता. शेजारच्या गावचा हरिदास तळ्यात मासे धरी. तो मारुतीचा भक्त. तोच म्हणाला, "भाऊ, तुमचा देव कोंडला, तं आमी मजेत कसं राह्याचं? चला नागपूरले."

अधिवेशनावर मोर्चा गेला, तेव्हा मी अन्नपूर्णाबाईच्या पाठीवर होतो. भोवती ताशे तडतडत होते आणि मी एकटा मुका. मला फार लाज वाटली. भेटायला आलेले आमदार हसून म्हणाले, "वाजवा की, आजोबा!"

झाडूभाऊंनी हात जोडले. "हा देवापुढंच वाजते, साहेब. देव तारेच्या अंदर हाय. कायदा करा, मंग आयकाले या."

आमदारांचे हसू मावळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात माझीच गोष्ट सांगितली.

पुढे कायदा झाला, पण कुलूप काही आपोआप उघडले नाही. ग्रामसभेने ठराव केला, हरिदासने कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे फाटक उघडले. त्या चैतात झाडूभाऊंनी कातडे ताणायला मला जाळावर शेकले आणि पेनापुढे पहिला ठोका दिला. तरी माझे कातडे सैलच, आवाज घोगरा. पण मी जीव तोडून वाजलो. आंबा वाहून झाल्यावर अन्नपूर्णाबाईने एक फोड नवऱ्याच्या तोंडात घातली. "आंबट हाय," असे म्हणत ते रडले.

मित्रांनो, शेक मिळाला नाही तर ढोल बोलत नाही. कायद्याचेही तसेच आहे, तो हाताळत राहा. आणि शेजाऱ्याच्या देवाची वाट कुणी अडवली, तर आपला देव मोकळा आहे म्हणून घरी बसू नका. हरिदास बसला नव्हता.