चावला का?

गोदामातले हमाल त्याला दांडू म्हणत, कारण उंदीर मारण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. बंद पडलेली मागची खोली तीन आठवड्यांपूर्वी उघडली, तेव्हा त्याने एका दुपारात एकेचाळीस उंदीर ठेचले. काही दांड्याने, काही शेपटीला धरून भिंतीवर आपटून. रक्त पार गुडघ्यापर्यंत उडालं.

"तू लांब उभा राहा," त्याने धाकट्या भावाला बजावलं. "एखादा चावला तर आई मला सोलून काढेल."

धाकटा मुकाट लांब राहिला. सगळं आटोपल्यावर लेंड्या आणि धूळ तेवढी त्यानेच झाडली, कोरड्या खराट्याने, ठसका लागेपर्यंत.

आता तोच धाकटा दवाखान्यात श्वासासाठी तडफडत होता. ताप, अंगदुखी, मग धाप. मलेरिया नाही, डेंग्यू नाही.

"उंदीर चावला होता का?" डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"छे. मी बरा चावू देईन," दांडूने छाती काढून सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि उंदरांचा विषय तिथेच संपला.

सहाव्या दिवशी धाकट्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला आणि दांडूचं डोकं फिरलं. त्याने डॉक्टरांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. सोडवायला आलेल्या वॉर्डबॉयचा दात पडला.

"उंदीर मारायला जमतं मला," दांडू ओरडला, "तुला साधा ताप कळत नाही?"

डॉक्टरांनी फुटलेला ओठ पुसला. "कुठले उंदीर?"

"गोदामातले. एकेचाळीस. ह्याला जवळ फिरकू दिलं नाही. ह्याने नुसतं झाडलं."

"कोरडंच?"

"मग काय, अंघोळ घालून झाडायचं?"

डॉक्टर खाटेकडे वळले. "उंदरांचा रोग व्हायला चावावंच लागत नाही रे. त्यांच्या वाळलेल्या मुताची धूळ नाकात गेली तरी पुरते. मी विचारलंच चुकीचं." बोलताबोलताच त्यांनी नर्सला रक्त तपासणीला पाठवायला आणि श्वासाचं मशीन आणायला सांगितलं.

मशीन येईपर्यंत धाकटा गेला. दांडूचे दोन्ही हात चौघांनी धरले होते, पण त्यांत आता जीवच नव्हता.

आई दारातूनच म्हणाली, "चावला का रे त्याला?"

"नाही, आई," दांडू म्हणाला. "झाडायला मीच लावलं होतं."