सूपाचा डबा आणि चिझुरूची वाढायची पाळी

मित्रांनो, मी एक जुना, ॲल्युमिनियमचा सूपाचा डबा आहे. दोन कड्या, एक झाकण आणि सतरा पोचे, एवढीच माझी मालमत्ता. माझ्या वाफेनं एकदा समोरच्या डोंगरावरचं बर्फ वितळलं होतं. खोटं वाटत असेल तर डोंगराला विचारा.

जपानातल्या या डोंगरगावच्या सरकारी शाळेत मला चाळीस वर्षं झाली. इथं वाढपी नसतात. मुलांनीच पांढरे एप्रन बांधायचे, तळमजल्यावरून जेवण वर आणायचं आणि वर्गाला वाढायचं. त्यात एक जण आठवडाभर प्रमुख. हुशार असो की बुजरा, ही पाळी कुणाला टळत नाही. मला उचलणाऱ्यांतले दोघं पुढं महापौर झाले, आणि एक तर मंत्री होता होता राहिला!

पण चौथीतल्या चिझुरूची प्रमुख व्हायची पाळी आली आणि माझी पाचावर धारण बसली. पोरीचा आवाज इतका बारीक, की हजर असून तिची दोनदा गैरहजेरी लागली होती.

सोमवारी एक कडी तिच्या हातात, दुसरी तिच्याच वर्गातल्या गोताच्या. दुसऱ्या जिन्यावर समोरून मुख्याध्यापक आले. मोठं माणूस दिसलं की वाकायचं, हे इथल्या मुलांच्या हाडात भिनलेलं. चिझुरू वाकली. मला धरूनच वाकली! मुळा, गाजर, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप, सगळं पायऱ्या उतरत खाली गेलं. मुख्याध्यापकही सवयीनं उलट वाकले.

"घ्या! प्रमुखबाईंनी जिन्याला जेवू घातलं," गोता म्हणाला.

सगळ्यांनी फडकी आणून जिना पुसला. वर्गात एकतीस वाट्या कोरड्या. वर्गशिक्षिका ओरिकासा बाई मुद्दाम जागच्या हलल्या नाहीत. असं झालं की प्रमुखानं इतर वर्गांच्या दारात जाऊन सूप मागायचं, ही इथली रीत. चिझुरू मला घेऊन सहावीच्या दारात उभी राहिली. तोंडच उघडेना. तिच्या हातात माझ्या कड्या खडखडत होत्या. जेवणाची वेळ संपत चालली होती. बोल गं बाई, बोल!

"काय पाहिजे गं?" आतून कुणीतरी विचारलं.

"सूप सांडलं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "माझ्या हातून सांडलं! थोडं द्याल का?"

"किती जणांना?"

"एकतीस."

"एकतीस? मग आम्ही काय वाफ प्यायची?" वर्ग हसला. पण वाढणाऱ्या मुलीनं तीन पळ्या ओतल्या. पाच दारं फिरल्यावर मी अर्धा भरलो. सगळ्यांना अर्धी अर्धी वाटी मिळाली.

जेवल्यावर गोता म्हणाला, "बाई, उद्यापासून दुसरं कुणीतरी प्रमुख करा ना. ही उद्या भातालाही नमस्कार करेल."

चिझुरू खाली मान घालून एप्रनची गाठ सोडायला लागली. बाईंनी एकदाच वर पाहिलं.

"आठवडा शुक्रवारी संपतो, गोता. गाठ राहू दे, चिझुरू."

मित्रांनो, आज मंगळवार. माझ्या कडीला तिच्या तळहाताचा घाम लागलाय, सूप काठोकाठ आहे आणि अजून दोन जिने चढायचेत. भीती मलाही वाटते. पण तुमच्यात कुणाच्या हातून काही सांडलं, तर खुशाल हसा, फक्त त्याची पाळी काढून घेऊ नका. माझी काळजी करू नका. अठरावा पोचा आला, तर येऊ दे.