टँटलमचा दिवा

मी एक थकलेला काचेचा दिवा आहे, मित्रांनो. पण माझ्या उजेडात कुणी कधी अभ्यास केला नाही. अभ्यास व्हायचा तो माझाच.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कुंडलिक नावाच्या काच-कारागिराने मला घडवले. ज्योतीवर काच मऊ करून त्याने माझ्या पोटात टँटलम या जड धातूची छोटी पोकळ नळी बसवली, आतली हवा काढून निऑन वायू भरला आणि तोंड बंद केले. वीज दिली, की मी नारिंगी उजळायचो आणि टँटलमचे अणू सुटून माझ्या पोटात तरंगायचे.

डोंबिवलीच्या एका कॉलेजात क्षिप्रा मॅडम पीएच.डी.साठी माझ्यावर लेझर सोडत. अणूच्या ऊर्जेला जिन्यासारख्या पायऱ्या असतात. अधेमधे थांबता येत नाही. लेझरचा रंग हळूहळू बदलताना दोन पायऱ्यांमधल्या अंतराशी बरोबर जुळला, की माझ्यातून वाहणारी वीज किंचित थरथरे. त्यावरून मॅडम पायऱ्या मोजत. सहा वर्षे, रोज आठ-आठ तास मी जळलो. "इतका स्थिर दिवा शोधून सापडणार नाही," असे त्यांचे मार्गदर्शक शिवराम सर पाहुण्यांना कौतुकाने सांगत. काच जोडलेले माझे सांधे हवा आत घेत नाहीत ना, हे तपासावे, असे मात्र कुणाला सुचले नाही.

मग कुठल्याच नोंदीत नसलेली एक थरथर सापडली. नवी पायरी! संशोधनाचा पेपर एका विज्ञान नियतकालिकाकडे गेला, स्वीकारलाही गेला. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्याच आठवड्यात कुंडलिक नवा दिवा द्यायला आला आणि माझ्यासमोर थबकला.

"मॅडम, हा असा नव्हता. मी भरलेला तेव्हा नारिंगी होता. आता गुलाबी मारतोय. हवा शिरलीय आत."

"अहो, रोज बघते मी त्याला!"

"रोज बघता ना, म्हणूनच नाही कळलं."

मॅडमनी नवा दिवा लावला. त्याच रंगावर लेझर आणला. काहीच हलले नाही. माझी ती थरथर आत शिरलेल्या हवेची होती.

"क्षिप्रा, तुझी पीएच.डी. अडेल गं," सर हळूच म्हणाले.

"नसलेली पायरी आहे ती, सर. उद्या कुणीतरी तिच्यावर पाय ठेवायला जाईल."

मॅडमनी नियतकालिकाला पत्र लिहून पेपर मागे घेतला. पीएच.डी. दोन वर्षे लांबली.

मला पुसून त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'गळका. मोजमापाला वापरू नये.' खरे सांगू? वाईट वाटले नाही. मी गळतोय हे मला कधीचे कळत होते. सांगता येत नव्हते.

आता मी कपाटात पडून असतो. मित्रांनो, मला मधे एकदा जरी कुणी तपासले असते, तर मॅडमची ती दोन वर्षे वाचली असती. तुमच्याकडची एखादी वस्तू वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असेल, तर ती चालू असतानाच एकदा हातात घेऊन नीट बघा.